ओळख पटेल अशी खूण

उत्तराच्या शेवटी लाल शाईचं वर्तुळ होतं आणि वर्तुळात दोन शब्द, माझ्याच अक्षरात: जय भीम. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात वीसपैकी शून्य. ते दोन शब्द लिहिल्याचं मला आठवत नव्हतं. बाकी सगळं आठवत होतं. ‘कायद्यापुढील समानता आणि प्रत्यक्षातील समानता यांतील अंतर स्पष्ट करा’ हा प्रश्न, क्लासखालच्या मंगल कार्यालयातली सनई, जिन्यातून वर येणारा मठ्ठ्याचा आणि जिलबीचा वास, आणि तिसऱ्या पानावर पोचल्यावर आपण पाठ केलेलं आठवून लिहीत नाही आहोत, आपलं आपल्याला सुचतं आहे, हे लक्षात येऊन मानेवर आलेला शहारा. शेवटचा पूर्णविराम दिल्याचंही आठवत होतं. त्यापुढचं हातालाच माहीत. “ओव्हाळ मॅडम,” श्यामसुंदर सर चष्म्यावरून बघत म्हणाले, “परीक्षकाशी नमस्कार-चमत्कार करण्याची सोय आयोगानं अजून केलेली नाही. उत्तरपत्रिकेत ओळख पटेल अशी कोणतीही खूण आढळली तर ती रद्द होते. सूचना पहिल्या पानावर छापलेली असते, वाचण्यासाठीच.” सर कॉलेजातून निवृत्त झालेले, सदाशिव पेठेतल्या या क्लासात राज्यशास्त्र शिकवायचे, आणि त्यांच्या हातून सुटलेलं वाक्य आधी टोचायचं, मग कळायचं. वर्गात थोडं हसू पसरलं. सर पुढे म्हणाले, “सतराचं लिहिलं होतंत. दोन वर्षांत मी इथं कुणाला सतरा दिलेले नाहीत. तेही द्यायची वेळ तुम्ही येऊ दिली नाहीत.” मी कागदाची घडी घातली. सतरा या आकड्यानं झालेला आनंद आणि त्या वर्तुळाचा संताप एकाच वेळी आत शिरले होते आणि दोघांना बसायला जागा मात्र एकच होती.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. हिंजवडीतल्या कंपनीनं मला दिलेली बिनपगारी रजा त्या परीक्षेपर्यंतच होती. मॅनेजरनं ती देताना “वन टाइम, हं” असं हसून सांगितलं होतं. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही, हे मला, घरी बाबांना आणि आईला, तिघांनाही पक्कं माहीत होतं. आणि आता अभ्यास राहून जाईल ही भीती नव्हती, तर आपलाच हात आपल्याला बुडवेल ही होती. मी मंडईच्या बाजूनं निघाले, आईनं शेवग्याच्या शेंगा सांगितल्या होत्या म्हणून. शेंगा निवडताना मी माझ्या उजव्या हाताकडे बघत होते. साधा हात, मधल्या बोटाला पेन टेकून झालेला घट्टा. कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासायचे, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्यात चूक कुठे आहे ते शोधायचे, आणि चूक सापडली की पहिला प्रश्न हा असायचा: ही पुन्हा घडवून दाखवता येईल का, कुठल्या परिस्थितीत घडते. चूक ओरडून जात नाही. तिची परिस्थिती सापडली की ती मुकाट्यानं हाती लागते. स्वारगेटला आले तर कात्रजच्या गाड्या खोळंबलेल्या. बीआरटीसाठी सातारा रस्ता उकरून ठेवला होता आणि त्या धुळीत सगळी पुण्याची जनता प्रगतीची वाट बघत उभी होती. पीएमटीत खिडकीपाशी जागा मिळाली. बाहेर, पूर्वी बाबांचा कारखाना होता तिथं आता निळ्या काचांची इमारत झाली होती. बाबा तिथं फिटर होते, कारखाना बंद होताना स्वेच्छानिवृत्ती घेतलेले. स्वेच्छा कुणाची, हे बाबा अजून विचारतात.

हाताला ते कुणी शिकवलं, हे शोधायला फार मागं जावं लागलं नाही. आम्ही पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत राहायचो तेव्हा विहाराच्या भिंतीवर एक काळा फलक होता. रविवारची वंदना, पाण्याची वेळ बदलली, कुणाच्या मुलीला दहावीत पहिला वर्ग मिळाला, कुणी वारलं की त्याचं पुण्यानुमोदन, सगळं त्या फलकावर यायचं. बाबा मंडळाचे सचिव. ते खाली उभे राहून मजकूर सांगायचे आणि मी स्टुलावर चढून खडूनं लिहायचे, चौथीत असल्यापासून. बाबांचं स्वतःचं अक्षर वाईट नव्हतं. पण ते म्हणायचे, मुलीचं अक्षर लोकांना दिसू दे. मजकूर संपला की ते थांबायचे नाहीत, खालच्या ओळीत काय येतं हे सांगायचेही नाहीत, ते ठरलेलंच होतं. माझ्यासाठी पूर्णविराम म्हणजे लिहिणं संपल्याची खूण नव्हतीच. लिहिणं संपायचं ते त्या दोन शब्दांनी. मग मी स्टुलावरून उतरायचे, बाबा दोन पावलं मागं जाऊन फलक वाचायचे, जमलेली माणसं वाचायची, आणि खडूनं पांढरे झालेले माझे हात आई पदरानं पुसायची. मला तेव्हा वाटायचं, की वस्तीत जे काही घडतं ते मी लिहिल्यावरच खरं होतं. तेवढा मान पुढं मला कुठल्याच ऑफिसनं दिला नाही. कंपनीत तर सहा महिने माझ्या टेबलावरची नावाची पाटीच चुकीची होती.

घरी पोचले तेव्हा बाबा गॅलरीत पेपर वाचत बसले होते. “काय दिलं सरांनी?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “अजून तपासायचेत.” असं मी बाबांशी सहसा बोलत नाही. आत जाऊन मी जुन्या चाचण्यांचे सगळे कागद काढले आणि पलंगावर पसरले. एकाही उत्तराच्या शेवटी ते शब्द नव्हते. संघराज्य, पक्षपद्धती, राज्यपालांचे अधिकार: सगळं क्लासच्या नोट्समधून उचललेलं, मुद्दे तेच, क्रम तोच, ‘सारांश असे म्हणता येईल की’ हेही तेच. मार्कही ठरलेले, नऊ नाहीतर दहा. त्यांत माझा हात गप्प बसलेला होता. परिस्थिती सापडली होती. उसनं लिहिलं की हात काही करत नव्हता. स्वतःचं लिहिलं, वाक्य आतून आलं, की हाताला वाटायचं आपण फलकापुढे आहोत, आणि तो काम पुरं करायचा. मी पलंगाच्या कडेला बसून राहिले. ही चूक काढायची म्हणजे नेमकं काय काढायचं? नऊ मार्कांचं लिहीत राहिले तर उत्तरपत्रिका सुखरूप राहणार होती आणि निवड होणार नव्हती. सतराचं लिहिलं तर तीन तासांत एकदा, दमून, नकळत ते दोन शब्द उतरणार आणि सगळं रद्द. मला खरंच भीती वाटली. आणि त्या भीतीच्या तळाशी, मला कबूल करायला लाज वाटत नाही, थोडा अभिमानही होता: माझ्या हाताला खरं आणि उसनं यांतला फरक माझ्या आधी कळत होता.

पुढच्या रविवारी अक्षता माझ्या शेजारी बसली होती. कर्वेनगरची, नेटकी मुलगी, माझ्याहून चार वर्षांनी लहान. आम्ही एकमेकींची उत्तरं वाचायचो. तिनं तिचं समानतेचं उत्तर पुढं सरकवलं. चौदा मार्क. पहिल्या पानाच्या माथ्यावर, समासाच्या मधोमध, बारीक, सवयीनं लिहिलेलं: श्री. मी पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं. मग मागच्या बाकावरच्या राकेशचा कागद मागून घेतला. तिथंही होतं, दोन्ही बाजूंना उभ्या रेघांसह. मला राग आला नाही असं म्हणणं खोटं होईल. पण राग त्यांच्यावर नव्हता. त्यांचे हातही कुणीतरी असेच, पाटीवर बोट धरून, घडवले होते. मी तिन्ही कागद घेऊन सरांच्या टेबलाशी गेले आणि एकाखाली एक ठेवले. सरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग कागदांकडे. त्यांचं बोट अक्षताच्या ‘श्री’पाशी थांबलं. “हे मला दिसलं नाही,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजातली धार गेली होती. “पस्तीस वर्षं पेपर तपासतोय. हे मला कागदाचाच भाग वाटत आलंय.” मग ते वर्गाकडे वळले आणि धार परत आली. “सगळ्यांनी मागचे पेपर पुढं पाठवा. ज्यांनी ज्यांनी देवाला परीक्षेला सोबत आणलंय त्यांना शून्य. देव वयोमर्यादेत बसत नाही.” निम्म्या वर्गाला शून्य मिळालं. अक्षता माझ्याशी त्या दिवशी बोलली नाही, पण पुढच्या आठवड्यात येऊन म्हणाली, “अगं, मुख्य परीक्षेला मीसुद्धा लिहिलं असतं, हंड्रेड पर्सेंट. थँक्स म्हणायला फार जिवावर आलंय, पण थँक्स.” मी म्हटलं, “जिवावर आलंय तर लेखी दे.” ती हसली. त्या संध्याकाळी टिळक रस्त्यानं चालताना माझी मान ताठ होती, इतकी की एका ओळखीच्या बाईनं विचारलं, मान धरलीय का.

बाबांना सांगायला मात्र मी आणखी काही दिवस घेतले. मला त्यांच्या दुखावण्याची भीती होती. ज्या माणसानं आयुष्यभर हे दोन शब्द उंबऱ्यात, कारखान्याच्या गेटवर, लग्नाच्या मांडवात, दवाखान्यात, छातीवर हात न ठेवता आणि मान न झुकवता म्हटले, त्याला मी सांगणार होते की त्याच शब्दांनी माझी उत्तरपत्रिका रद्द होते. बाबांचं नाव कचरू. आधीची दोन मुलं गेली म्हणून आजीनं ते ठेवलं, यमाला हे मूल टाकाऊ वाटावं म्हणून. त्याच घरात, पुढच्याच पिढीत, मी प्रियदर्शनी. शाळेत हजेरी घेताना ‘प्रियदर्शनी कचरू ओव्हाळ’ म्हटलं की मधल्या नावावर मुलं हसायची, आणि मी घरी येऊन ते सांगायचे तेव्हा बाबा म्हणायचे, “हसू दे. हाजरी लागली का? मग झालं.” परीक्षांवर त्यांचा विलक्षण जीव होता. बोर्डाच्या परीक्षेला त्यांनी माझ्या हॉल तिकिटावरच्या आसन क्रमांकावर बोट ठेवून सांगितलं होतं, “ह्याला नाव नाय, आडनाव नाय, गाव नाय. तपासणाऱ्याला फक्त तू काय लिहिलंय तेवढंच दिसणार. अशी जागा दुसरी कुठं हाय का सांग.” मी ते विसरले नव्हते, पण त्या वर्तुळाशी त्याचा काही संबंध आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. एका दुपारी, आई शेंगदाणे भाजत असताना, मी सगळं सांगून टाकलं. आईचा हात कढईत थांबला. बाबांनी तो कागद मागितला, चष्मा लावला आणि उत्तर पहिल्या शब्दापासून वाचलं. वर्तुळापाशी आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग ते म्हणाले, “मास्तर बरोबर हाय.” मी म्हणाले, “बाबा, तुम्हाला वाईट नाही वाटलं?” “कशाचं? जय भीम माणसाला म्हणायचं असतं. समोर माणूस पाहिजे, त्यानं ऐकायला पाहिजे, उलटून म्हणायला पाहिजे. फलकापुढं माणसं होती. ह्या कागदापुढं कोण हाय? नंबर. अन् तो नंबर आपल्यासाठीच केलेला हाय, पोरी. तो आपण मोडायचा नाय.”

आई म्हणाली, “मग भीतीपोटी ती ते नोट्समधलं लिहील, त्याचं काय?” आई फारशी बोलत नाही आणि बोलली की मुद्द्याचंच बोलते. बाबांनी त्यावर उपाय म्हणून स्वतःलाच पर्यवेक्षक नेमलं. मी जेवणाच्या टेबलाशी लिहायचे आणि ते समोर खुर्ची टाकून बसायचे, पेपर न वाचता, पंखा लावून. शेवटचा पूर्णविराम पडला की ते म्हणायचे, “पेन खाली.” पहिल्या दोन-तीन दिवसांत त्यांच्या म्हणण्याआधीच माझा हात पुढच्या ओळीकडे निघालेला असायचा, एकदा तर ‘ज’ पुरा झाला. मी घाबरून पुढचे काही दिवस सावधपणे लिहिलं, मोजूनमापून, सारांश असे म्हणता येईल की. बाबांनी ते वाचलं आणि कागद माझ्याकडे परत सरकवला. “हे कुणी लिहिलंय?” त्यांनी विचारलं, अगदी खरोखर चौकशी केल्यासारखं. मला त्याचं इतकं लागलं की मी रडले. मग तोंड धुऊन पुन्हा बसले आणि ते उत्तर पुन्हा लिहिलं, माझ्या पद्धतीनं. पूर्णविराम दिला. हात निघाला, मी त्याला निघताना पाहिलं, आणि पेन खाली ठेवलं. बाबांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला, आणि मला वाटतं, त्या एका पेल्याच्या बळावर मी परीक्षेपर्यंत टिकले.

परीक्षेचं केंद्र शहरातल्या एका शाळेत होतं, बाक लहान मुलांचे, गुडघे वर येणारे. पेपर पहिला, राज्यशास्त्र. पहिले प्रश्न नीट गेले आणि मग निबंधाचा प्रश्न आला: ‘मतदार असणे आणि नागरिक असणे यांत काय फरक आहे? भारतीय अनुभवाच्या आधारे चर्चा करा.’ नोट्समध्ये याचं उत्तर होतं, तीन मुद्दे आणि सारांश. ते समोर तयार ठेवलेलं दिसत होतं, थंड, सुरक्षित. मी एक क्षण त्याच्याकडे पाहिलं आणि मग मला सोजरबाई आठवली. वस्तीतली, लिहितावाचता न येणारी, दर रविवारी फलकापुढे येऊन मला म्हणायची, “वाच की मोठ्यानं.” मी वाचायचे. पाण्याची वेळ पहाटे चारची झाली आहे, मी वाचलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सोजरबाई म्हणाली, “कोणी ठरवलं? आमाला इचारलं का?” आणि दुसऱ्या दिवशी ती बाबांना आणि दहा बायकांना घेऊन वॉर्ड ऑफिसात गेली. ती दर निवडणुकीला मत द्यायची, ते तिचं मतदार असणं. फलकापुढे उभं राहून ‘कोणी ठरवलं’ हे विचारणं, ते दुसरं. मी तिचं नाव लिहिलं नाही, वस्तीचं नाही, शहराचंही नाही. ‘एका वस्तीतील एक निरक्षर स्त्री’ एवढंच लिहिलं, आणि मग लिहीतच गेले. सत्ता लोकांपर्यंत आदेश म्हणून येते तेव्हा त्या आदेशाला प्रश्न विचारणारा पहिला माणूस राज्यसंस्थेला लोकशाही बनवतो, असं काहीसं लिहिलं, आणि मानेवर तोच शहारा आला. शब्द पुढं आणि मी मागं, असं चाललं होतं. घंटा झाली. पर्यवेक्षिकेनं माझ्या हाताखालून उत्तरपत्रिका ओढून घेतली, दोऱ्यात ओवलेल्या गठ्ठ्यावर ठेवली आणि ती पुढच्या बाकाकडे गेली.

जिन्यावर मला आठवेना. शेवटचं वाक्य आठवत होतं, पूर्णविराम आठवत होता, आणि त्यापुढे पांढरं. मी लिहिलं का? पेन खाली ठेवलं होतं का? हातात पेन होतं, टोपण न लावलेलं. लोक माझ्या दोन्ही बाजूंनी उतरत होते, प्रश्न किती लांब, काय आउट ऑफ सिलॅबस, अशा गप्पा मारत. मी कठडा धरून उभी राहिले. गेटबाहेर बाबा फुटपाथच्या कट्ट्यावर बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मतदानाला जाताना घालतात तो. त्यांनी कसा गेला असं विचारलं नाही. मी म्हणाले, “बाबा, मी शेवटी ते लिहिलं का, मला आठवत नाही.” ते म्हणाले, “प्रश्न काय होता?” मी सांगितला. “अन् तू काय लिहिलंस? पयल्यापासून सांग.” मी उभी, ते बसलेले, आजूबाजूला रिक्षा, पालक, चहावाला. मी सांगायला लागले. सोजरबाईचं नाव इथं घेता येत होतं, मी घेतलं, आणि बाबांनी मान हलवली. पाण्याची वेळ, वॉर्ड ऑफिस, आदेश, प्रश्न. वाक्यामागून वाक्य परत येत गेलं आणि त्याच्यामागून हातही परत आला: शेवटचा पूर्णविराम देताना शाई थोडी फुटली होती, मी तो डाग टिपायला रुमाल काढला होता, रुमाल घ्यायला पेन बाकावर ठेवलं होतं, आणि उरलेल्या कोऱ्या जागेवर नियमाप्रमाणे तिरकी रेघ मारायला ते पुन्हा उचललं होतं. रेघ मारली तोच घंटा झाली होती. रेघेखाली काही नव्हतं. मी लिहिलं नव्हतं. ज्यानं वाचायचं त्याला मी कोण हे कधीच कळणार नव्हतं, आणि मला जे म्हणायचं होतं ते सगळं त्याच्या हातात जाणार होतं. “संपलं?” बाबांनी विचारलं. मी म्हणाले, “हो, तिथं एवढंच.” मग माझ्या लक्षात आलं की इथं कागद नाही, समोर माणूस आहे. मी म्हणाले, “जय भीम.” माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला, चहावाल्यानं वर पाहिलं. बाबा, जे माझ्या जय भीमला रोज खुर्चीत बसल्या बसल्या उत्तर द्यायचे, ते गुडघ्यावर हात टेकून कट्ट्यावरून उठले, शर्ट खाली ओढून नीट केला, आणि बाहेरगावाहून आलेल्या वक्त्याला म्हणावं तसं, उभं राहून मला म्हणाले, “जय भीम, मॅडम.”